बळीरामचा रविवार

नागपूरच्या लकडगंजात एका आरा मशीनच्या मागे, सागाच्या फळ्या उभ्या करून ठेवत तिथे, बळीरामची टपरी होती. रेडिओ, लाऊडस्पीकर आणि रेकॉर्ड वाजवायची यंत्रं तो दुरुस्त करी. या कामाला जागा अगदी वाईट. लाकडाचा भुसा दिवसभर उडायचा, आणि रेकॉर्डच्या सुईला भुशाचा एक कण पुरतो. म्हणून दारावर जुनं लुगडं ओलं करून टांगलेलं असे, आणि नाजूक काम तो दुपारी एक ते दोन या वेळात करी. तेव्हा मजूर जेवायला बसत आणि आरा बंद असे. त्या तासात कुणी आलं तर तो बोलायचा नाही. हातानंच बसा म्हणायचा.

त्याचे वडील गिरणीत साच्यावर कापड विणत. छप्पन साली सगळ्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा बळीराम सतरा वर्षांचा होता. शाळा सातवीनंतर सुटली होती. आधी त्यानं याच आरा मशीनवर फळ्या उचलल्या, मग ओमप्रकाश नावाच्या लाऊडस्पीकरवाल्याकडे लागला. लग्नाच्या मांडवात सकाळपासून रेकॉर्डी लावत बसायचं, हे काम. एकेक रेकॉर्ड दिवसातून वीस-वीसदा वाजायची आणि महिन्याभरात घोगरी व्हायची. त्यातून त्याला जे कळलं ते आम्हा शिकलेल्या लोकांना कधी कळलं नव्हतं. रेकॉर्ड वाजवताना आपण ती थोडीथोडी खरवडत असतो.

"आवाज फुकट नाही भेटत जी," तो म्हणायचा. "सुई खाते. किती खाऊ द्याचं, तेवढंच आपल्या हातात हाय."

माझी त्याची ओळख अडुसष्ट साली झाली. मी सरकारी कचेरीत कारकून होतो, आणि रामदासपेठेत वामनराव वकिलांच्या दिवाणखान्यात भरणाऱ्या श्रवण मंडळाचा सभासद. दर रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही वीस-बावीस माणसं तिथे जमून रेकॉर्डी ऐकत असू. यंत्र वामनरावांचं. रेल्वेतला कुणी गोरा साहेब विलायतेला परत जाताना त्यानं सामान विकलं, त्यातून त्यांनी ते घेतलं होतं. जड टर्नटेबल, आणि त्याच्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत येईल एवढा लांब ओतीव दांडा. दांड्याच्या टोकाला पितळी डोकं, आणि त्यात सुई बसवलेला पिकअप. हे यंत्र दिवाणखान्याच्या मागच्या कोपऱ्यात होतं. सगळ्यांची तोंडं पुढे, स्पीकरकडे. मागे बसून यंत्र चालवायला कुणी तयार नसे, म्हणून ते काम माझ्याकडे आलं होतं. मला ते बरंच होतं. कुणाशी बोलावं लागत नसे.

यंत्र बिघडलं की मी बळीरामला बोलावून आणी. हळूहळू तो दर रविवारीच येऊ लागला. त्याची जागा व्हरांड्यात, मेन स्विचजवळ ठरली होती. कारण असं सांगितलं जाई की व्होल्टेज कमीजास्त झालं तर माणूस तिथे हवा. वामनरावांच्या पत्नी यमुताई त्याला चहाही तिथेच पाठवत. पाच वर्षं त्यानं आमचं मंडळ व्हरांड्याच्या खिडकीतून ऐकलं. आत दोन-तीन खुर्च्या नेहमी रिकाम्या असत. ही गोष्ट मला तेव्हाही दिसत होती, हे लिहून ठेवतो.

मंडळाचा एक रिवाज होता. प्रत्येक सभासदाला वर्षातून एक रविवार मिळे. त्या दिवशी रेकॉर्डी त्यानं निवडायच्या, आपल्या घरून आणायच्या, आणि प्रत्येकीबद्दल दोन शब्द बोलायचे. बाकीच्यांनी मध्ये काही बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. दाराशी फळ्यावर खडूनं त्याचं नाव लिहिलेलं असे.

बहात्तरच्या दिवाळीनंतर एकदा टपरीत बळीराम मला म्हणाला, "मार्तंडभाऊ, एक विचारू का? एक रविवार मले भेटन का जी?"

मी उगाच एक वायर हातात घेऊन बघू लागलो. तो हसला. "घाबरू नका. लाऊडस्पीकरवरचे गाणे नाही आणत. माह्याजवळ बी रेकॉर्डी हायेत. इतवारीतल्या कबाड्याकडून एकएक करून जमवल्या. चार वर्षं मी तुमच्या सगळ्याइचं आयकलं. एक डाव तुमी माहं आयका."

"कोणत्या रेकॉर्डी?"

"ते तवाच आयकाल. आधी सांगतलं तं मजा काय राह्यली?"

हे वामनरावांच्या कानावर घालायला मला सात महिने लागले. दर रविवारी ठरवून जायचो आणि तसाच परत यायचो. शेवटी बोलायचं धाडस झालं तेही एका कारणानं. वामनरावांचा भाचा अनंत अमेरिकेत इंजिनिअर होता. त्यानं मामांसाठी नवा पिकअप पाठवला. काडेपेटीच्या निम्म्याएवढा, डायमंडच्या सुईचा. तो आमच्या यंत्रावर कोण बसवणार, अशी चर्चा चालली होती. मी म्हणालो, बळीराम बसवेल. आणि त्याच दमात म्हणून टाकलं, की त्याला एक रविवार हवा आहे.

वामनराव माझ्याकडे वळले. "बळीरामला? बोलणार काय तो रेकॉर्डीबद्दल?"

"दोन शब्दच बोलायचे असतात."

"बघू. आधी हे बसवून तर दाखवू दे. नीट वाजलं तर नोव्हेंबरातला दुसरा रविवार त्याला देऊन टाकू. मग तर झालं?"

मी हे सांगितलं तेव्हा बळीराम स्टुलावरून उठून उभा राहिला. "वकीलसाहेब सोता म्हनले?" त्यानं दोनदा विचारलं.

पण पिकअप हातात घेतल्यावर त्याचा चेहरा उतरला. सुईला बोटाच्या टोकानं अगदी हळू स्पर्श केला, मग मी सोबत नेलेल्या जुन्या पिकअपच्या सुईला केला.

"हे जमत नाही जी," तो म्हणाला. "जोडी नाही जमत."

"बसत नाही?"

"बसते. बसनं निराळं अन् जमनं निराळं." त्यानं मला समजावून सांगितलं. जुन्या पिकअपची सुई ताठ होती, तिला जड दांडा चालत होता. नव्या सुईचं रबर अगदी मऊ होतं. ती हलक्या दांड्यासाठी बनवलेली होती. "बैलबंडीच्या साट्याखाली सायकलची स्प्रिंग लावली तं काय होईन? सपाट रोडवर चालन. खड्डा आला की उडन. मागं वजन सरकवून तोल साधता येते, पण दांड्याचं जडपन कोठी जाईन?" आणि खड्डे तर आमच्याकडे होतेच. नागपूरच्या मे महिन्यात ज्याच्या घरी रेकॉर्डी आहेत त्याच्या दोन-चार तरी वाकतात.

मी म्हणालो, "मग वामनरावांना तसं सांगू या."

"अन् रविवार?" बळीराम म्हणाला.

दोन आठवडे तो त्या कामाच्या मागे होता. दांडा कापायची परवानगी मिळणार नव्हती, म्हणून त्यानं फक्त टोकाचं डोकं बदलायचं ठरवलं. पितळी डोक्याऐवजी इतवारीच्या भांडेबाजारातून जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, डब्याचं एक झाकण आणलं आणि ते कापून, वाकवून, त्याला भोकं पाडून कागदासारखं हलकं डोकं बनवलं. सुईवरचा भार मोजायला त्याच्याकडे साधन नव्हतं. सराफाकडून तो गुंजा मागून आणायचा. फूटपट्टीचा तराजू करून एका पारड्यात गुंजा टाकायच्या आणि दुसऱ्यावर सुई टेकवायची. जुन्या सुईला तेहतीस गुंजा लागत. नवीनला बारा.

बसवायच्या दिवशी मीही होतो. एक ते दोनच्या वेळात नव्हे, त्या दिवशी त्यानं टपरीच बंद ठेवली आणि सगळं सामान वामनरावांकडे आणलं. सुई रेकॉर्डवर टेकली आणि ज्या रेकॉर्डी मी शंभरदा लावल्या होत्या त्यांत तंबोऱ्याच्या चारही तारा वेगळ्या ऐकू आल्या. यमुताई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आल्या. वामनराव म्हणाले, "वा!" बळीराम माझ्याकडे बघून म्हणाला, "सपाट रेकॉर्ड हाय म्हनून."

मग त्यानं माझ्याकडून एक चिठ्ठी लिहून घेतली. "तुमचं अक्षर चांगलं हाय. माह्या अक्षराचं कोनी आयकत नाही." त्यानं सांगितलं तसं मी लिहिलं. सुईवर बारा गुंजा, जास्त नाही. डोक्यावर काही ठेवू नये. वाकडी रेकॉर्ड असेल तर जुनं डोकं लावावं. चिठ्ठी यंत्राच्या झाकणाला आतून चिकटवली. मग डोकं बदलायचं कसं ते माझ्याकडून चारदा करवून घेतलं. चकती फिरवायची, काढायचं, लावायचं, वजन सरकवायचं. पाच मिनिटांचं काम.

'काही ठेवू नये' ही ओळ माझ्यासाठीच होती. आमच्याकडे एक सवय होती, आणि नागपुरात ज्यांच्या घरी रेकॉर्डी वाजत त्या सगळ्यांकडेच होती. सुई उडायला लागली की डोक्यावर चार आण्याचं नाणं ठेवायचं. घसरू नये म्हणून खाली मेणाचा ठिपका. ते नाणं आणि मेणबत्तीचा तुकडा यंत्राशेजारी वाटीत कायम असे. जुन्या ताठ सुईला ते चालून जाई. चार आण्याचं नाणं म्हणजे वीस गुंजा.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी मंडळात पाहुणे आले. इतवारीतले कापडाचे मोठे व्यापारी, भैय्याजी. त्यांच्याकडे जुन्या रेकॉर्डींचा मोठा संग्रह होता. त्यातली एक, पुन्हा कुठे न मिळणारी, त्यांनी रेशमी रुमालात गुंडाळून आणली होती. दिवाणखाना भरला होता. मी रेकॉर्ड टर्नटेबलवर ठेवली आणि ती फिरताना एका बाजूनं वर उचलली जात होती हे मला दिसलं.

जुनं डोकं लावायला हवं होतं. पाच मिनिटं. सगळे वाट बघत होते. वामनराव भाषण संपवून खाली बसले होते. पाच मिनिटं थांबा, एवढं मोठ्यानं म्हणायला हवं होतं. मी सुई ठेवली.

तीन फेऱ्यांनंतर सुई उडाली. पुन्हा ठेवली, पुन्हा उडाली. पुढून वामनरावांचा आवाज आला, "मार्तंडराव, काहीतरी करा ना!" ते वळले नव्हते. कुणीच वळलं नव्हतं. माझा हात वाटीकडे गेला. मला चिठ्ठी आठवत नव्हती असं नाही. एका गाण्यापुरतं काय होतंय, असं वाटलं. मेण लावलं, नाणं ठेवलं.

अर्धा मिनिट छान वाजलं. मग सुईचं रबर बसलं, पिकअपचं पोट रेकॉर्डवर टेकलं, आणि गाण्यातून करवतीसारखा आवाज आला. मी दांडा उचलेपर्यंत रेकॉर्डवर पांढरा ओरखडा उमटला होता. लोक उठून मागे येईपर्यंत नाणं माझ्या खिशात होतं.

भैय्याजींनी रेकॉर्ड उजेडात धरली आणि ओरखड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "वकीलसाब, ये मशीन किसने ठीक किया?"

वामनरावांनी नाव सांगितलं. भैय्याजी नुसतं हुं म्हणाले.

बळीराम त्या दिवशी नव्हता. त्याच्या नात्यात लग्न होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वामनरावांनी त्याला बोलावलं. भैय्याजी आले होते, मीही होतो. पहिल्यांदाच त्याला दिवाणखान्यात आत बोलावलं गेलं.

"हे बघ, काय करून ठेवलंस," वामनराव म्हणाले. "डब्याचं झाकण लावलंस अमेरिकेच्या मालाला. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं."

बळीराम यंत्राकडे गेला. खिशातून भिंग काढून त्यानं सुई पाहिली. "दबली," तो म्हणाला. "हे आपोआप नाही झालं साहेब. वरून वजन ठेवलं कोनी तरी."

"कुणी ठेवणार? यंत्राजवळ मार्तंडरावांशिवाय कुणी जात नाही. विचार त्यांना."

त्यानं डोकं दांड्यावरून काढून हातात घेतलं होतं. ते उलटंपालटं करताना त्याचा अंगठा एका जागी थांबला. तिथे मेण होतं. मी घाईत नाणं काढलं होतं, मेण तसंच राहिलं होतं. मला दिसलं, त्यालाही दिसलं. आमच्या दोघांत दोन हातांचं अंतर होतं.

"मार्तंडभाऊ," तो म्हणाला, "ठेवलं होतं का जी?"

मी म्हणालो, "नाही."

इतक्या वर्षांत त्या उत्तराची मी पुष्कळ कारणं शोधली. भैय्याजी समोर होते. वामनरावांनी मला आधीच निर्दोष धरलं होतं. मी घाबरट माणूस आहे. पण घाबरटालाही हो म्हणायला नाही म्हणण्याइतकाच वेळ लागतो.

बळीरामनं माझ्याकडे पाहिलं. मग अंगठ्याच्या नखानं ते मेण खरवडलं, डोकं शर्टाला पुसलं आणि टेबलावर ठेवलं. "माहीच गलती असन," तो म्हणाला. पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढून त्यानं जुनं पितळी डोकं लावलं, जुना पिकअप जोडला, गुंजा मोजून वजन सरकवलं आणि एक बाजू पूर्ण वाजवून बघितली. मंडळाचा पुढचा रविवार बुडू नये म्हणून. जाताना झाकणाची चिठ्ठी अलगद सोडवून घेऊन गेला.

वामनराव म्हणाले, "त्याच्या त्या रविवाराचं आता राहू द्या." मी मान डोलावली. नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारी फळ्यावर माझं नाव होतं. जागा रिकामी राहू नये म्हणून त्यांनी मला दिली, आणि मी घेतली. त्या दिवशी काय वाजवलं ते मला आठवत नाही.

बळीराम नंतर रामदासपेठेत आला नाही. भैय्याजींची ओळख मोठी होती. बर्डीच्या बाजारातल्या दोन दुकानदारांनी त्याच्याकडे काम पाठवणं बंद केलं असं कानावर आलं. तो पुन्हा मांडवातल्या लाऊडस्पीकरांकडे वळला. मग कॅसेटी आल्या आणि सुईचं कामच संपत गेलं.

चौऱ्याऐंशी साली मी निवृत्त झालो. वामनराव वारले होते, मंडळ माझ्या गळ्यात पडलं होतं. आठ-दहा म्हातारे येत. मी लकडगंजात गेलो. दारावर लुगडं नव्हतं. बळीराम टेपरेकॉर्डर उघडून बसला होता. केस पांढरे झाले होते.

"या साहेब," तो म्हणाला. पूर्वी तो मला भाऊ म्हणायचा.

मी उभ्यानंच सांगून टाकलं. नाणं मी ठेवलं होतं. त्यानं हातातलं काम थांबवलं नाही.

"मालूम हाय. मेण होतं ना."

"मग दाखवलं काहून नाहीस?" मी त्याच्यासारखंच बोलून गेलो.

"तुमी नाही म्हनले. मंग दाखवून काय करू? तुमाले खोटं पाडून रविवार भेटला असता मले. तसल्या रविवारी कोनाले गाणं आयकू येते जी?" एक स्क्रू पिळून म्हणाला, "अन् भेटला बी नसता. तुमाले बी मालूम हाय."

मी म्हणालो, मंडळ आता माझ्याकडे आहे. येत्या महिन्यातला कोणताही रविवार घे. फळ्यावर मी स्वतः नाव लिहितो.

"कोन आयकाले हाय आता तेथी?"

"आठ-दहा जण येतात."

"ज्याइले आयकवाचं होतं ते गेले." त्यानं टेपरेकॉर्डरचं झाकण लावलं. "नोको जी."

निदान एवढं तरी कळावं म्हणून मी विचारलं, "कोणत्या रेकॉर्डी आणणार होतास?"

"ते आता तुमाले काहून सांगू?" तो म्हणाला. रागानं नाही. दाम विचारून न घेता जाणाऱ्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं.

सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो गेला. मला पंधरा दिवसांनी समजलं. घरी गेलो तर त्याची बायको तुळसाबाई दारातच बसली होती. मी नाव सांगितलं, तिला ओळख पटली नाही. रामदासपेठेतल्या मंडळातला, म्हटल्यावर मात्र ती सरसावून बसली.

"तुमच्याच तेथी बोलाचं होतं ना त्याइले? लय वर्षं झाले. रोज जेवन झालं की मले समोर बसवे. म्हने, तू मंडळ हाय असं समज, मधात बोलू नोको. रेकॉर्ड लावे, अन् बोले. मले हासू ये. मंग एक दिवस म्हनले, आता नाही बोलाचं."

"काय बोलायचे?" मी विचारलं. "कोणत्या रेकॉर्डी होत्या?"

"मले काय समजते बाप्पा त्याच्यातलं? रेकॉर्डी तं केव्हाच इकल्या." ती माझ्याकडे बघत होती. "मी अडाणी बाई. माह्यासाठी थोडीच बोलत होते ते. तुमी आयकाले पायजे होतं."